कागदावरच्या दोन भाकरी

रबरी भाकरीच्या कडेला चीर गेली होती. नखाएवढीच, पण तिच्यातून आतला पांढरा फेस दिसत होता, आणि माया मघापासून त्या चिरेत अंगठ्याचं नख घालून ती हळूहळू रुंद करत होती — आपण हे करतोय हे तिला कळत होतं, हात मात्र थांबत नव्हता. तळहाताएवढी गोल भाकरी, वर तव्याचे डागसुद्धा रंगवलेले, आणि पालथी केली की बारीक अक्षरांत लिहिलेलं : तीस ग्रॅम पीठ. तिच्याशेजारी रबरी आमटीची वाटी, रबरी अंडं, रबरी मटणाचा चकचकीत तुकडा. सांगलीच्या विश्रामबागेतल्या ह्या दहा बाय बाराच्या आहारसल्ल्याच्या खोलीत गेली अकरा वर्षं ती हाच खोटा संसार पेशंटपुढे मांडत आली होती. एवढी भाकरी. एवढंच मटण, तेही पंधरवड्यातून एकदा. तेल दिवसाला तीन चमचे. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन हवं ते चापायचे, हे तिला ठाऊक होतं. पण निदान ते परके होते.

समोर वीरधवल बसला होता. वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरातला, वय तीस, पोट पन्नाशीचं.

“मॅडम, एक म्हणतो तूप अमृत, दुसरा म्हणतो तूप विष. मोबाइल उघडला की रोज नवा डॉक्टर. खरं काय ते एकदाचं सांगा की.”

“खरं हे, की तुम्हाला तूप खायचंय, आणि खा म्हणणारा माणूस तुम्ही शोधताय.”

वीरधवल हसला, ती हसत नाही हे बघून पट्टा सावरत बसला. खरं काय ते… कॉलेजात होती तेव्हा अंड्यातला पिवळा बलक म्हणजे जणू हृदयावरचा दरोडा. तिनं स्वतः शेकडो कागदांवर लिहिलं होतं, पिवळा भाग वर्ज्य. मग एक वर्ष असं उजाडलं की बलक निर्दोष सुटला, आणि तिनं नवे कागद छापून घेतले, जुने गुपचूप फाडले. मग तेलांची पाळी आली, मग भाताची. ज्यांना तिनं पाच वर्षं बलक बंद केला होता त्यांच्यातलं कुणी भांडायला आलं नाही. लोक विसरतात. विसरत नाही तो एकच — तानाजी. तिचा सख्खा भाऊ. त्याच्याकडं तिचा प्रत्येक जुना कागद असावा तसा तो बोलतो.

आणि आज सकाळी तर तो बोललाही नव्हता. नुसते दोन फोटो पाठवले होते. पहिला, लॅबच्या कागदाचा, चादरीवर ठेवून काढलेला : आबांची तीन महिन्यांची सरासरी साखर, दहा पूर्णांक चार. दिवाळीत ती आठ पूर्णांक नऊ होती. दुसरा फोटो आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा. जखमेची कड काळी पडली होती. खाली एक अक्षर नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिवाळीतच स्वच्छ सांगितलं होतं : साखर आठाच्या खाली आणा, जखम भरेल, नाही आली तर अंगठा काढावा लागेल, आणि कापणं अंगठ्याशीच थांबेल याची हमी मी देत नाही. आबा म्हणजे तिचे वडील तात्याबा, वय एकोणसत्तर, वडूजच्या पुढं माळावरच्या वाडीत अजून वीस-बावीस मेंढरं घेऊन हिंडणारा माणूस. त्यांना डॉक्टरांनी विचारलं, रोज चालता किती? आबांना तो प्रश्नच कळला नव्हता. जागेपणी जे करतात त्याला कुणी किती म्हणून विचारतं का?

तिनं बाहेर टेबलावर बसणाऱ्या सृष्टीला, तिच्या मदतनीस मुलीला सांगून उरलेल्या अपॉइंटमेंट पुढं ढकलल्या. पिशवीत रबरी भाकरी टाकली, मटणाचा तुकडा टाकला, वजनाचा छोटा काटा टाकला. कशासाठी, ते तिला पक्कं माहीत होतं. चोर मुद्देमालासकट धरायचा होता.

कारण तानाजीनंच केलं असणार. दुसरं कोण? एसटी तासगावच्या द्राक्षबागांतून जात होती आणि माया खिडकीच्या गजाला डोकं टेकवून त्याचा गुन्हा जुळवत होती. तानाजी सैन्यातून सुटून आला तेव्हा शंभराच्या वर वजन होतं. युनिटातल्या कुण्या दोस्तानं मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ पाठवले, आणि ह्या गड्यानं भाकरी, भात, साखर सगळं सोडलं. अंडी, मटण, तूप, पुन्हा मटण. दहा महिन्यांत अठरा किलो उतरला. उतरला तो उतरला, वर प्रवचनकार झाला. दिवाळीत ताटावर बसल्या बसल्या आबांच्या पानातली भाकरी उचलून म्हणाला, “ही साखरच हाय, आबा. रूप तेवढं येगळं. ही बंद करा. मटण खावा, तूप खावा, दोन म्हैन्यात बगा साखर कशी खाली येती.”

“आणि शिरा तुंबल्या की? मूत्रपिंडं गेली की? तेव्हा तुझा मोबाइल येणार का धावून?”

“तुज्या चार्टानं कोण बरं झालंय, एक नाव सांग.”

“तुझं वजन उतरलं म्हणजे तू डॉक्टर झालास?”

“न्हाई. तू पुस्तक वाचलंस म्हणून तू झालीस.”

आई रडायला लागली, करंज्या तशाच राहिल्या. शेवटी आबांनी हात वर केला. माझी लेक शिकल्याली हाय, म्हणाले. तीन म्हैनं तिच्या कागदानं जाऊ द्या, मग तान्या, तुजं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. देव्हाऱ्यातली बिरोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणायला लावली आणि तानाजीला भंडारा उचलायला लावला : तीन महिने आबांच्या ताटात मटणाचा तुकडा नाही, तुपाचा थेंब नाही, आणि मायाच्या कागदात तोंड घालायचं नाही. त्यांच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला असं कुणी ऐकलेलं नाही. मोडणाऱ्याचं काय होतं हे लहानपणी आजीनं सांगितलं होतं, आणि अकरा वर्षं शास्त्र सांगून पोट भरणाऱ्या मायाच्या अंगावर त्या गोष्टीनं अजून काटा यायचा.

आणि तो मोडला त्यानं. मेल्यानं मोडला. बापाच्या पायापेक्षा स्वतःचं खरं करणं मोठं वाटलं त्याला…

की मलाही तेच वाटतंय? नाही. मी आबांच्या पायासाठी चाललेय.

विट्याला गाडी बदलली. मायणी मागं पडल्यावर हिरवं संपलं, माळ सुरू झाला, आणि तिला नको असताना मटणातली नळी, ते मगजाचं हाड आठवलं. जत्रेचं बकरं पडलं की नळी तानाजीची. ठरलेलंच. आबा आपल्या हातानं कालवणातून शोधून ती त्याच्या ताटात ठेवायचे — पोराला भरतीला पळायचंय. मग तो ती ताटाच्या काठावर ठक ठक आपटायचा, तोंडाला लावायचा आणि सुर्रकन ओढायचा. तो आवाज… आतली मऊ चरबी जिभेवर कशी लागते हे मायाला आजतागायत माहीत नाही. तिच्या वाट्याला रस्सा यायचा, वर लाल तवंग, त्यात कुस्करलेली भाकरी. आईच्या वाट्याला तोही खरवडून. एकदा तिनं नळी मागितली होती. आठ वर्षांची असेल. आबा हसले होते, रागावले नव्हते. तुला कुठं पळायचंय, असं म्हणाले होते.

आणि मग तिनं आयुष्यभर चरबीविरुद्ध कागद लिहिले.

हा विचार तिला अजिबात आवडला नाही. तिनं तो झटकला. चरबीवरचे पुरावे तिच्या नळीला विचारून गोळा झालेले नव्हते. ती पिशवीतल्या काट्याचं बटण उगाच चालू-बंद करत बसली.

वडूजच्या स्टँडवर तानाजी मोटरसायकल घेऊन उभा होता. कपाळाला भंडारा. तो बघून तिच्या डोक्यात सणक गेली.

“बस,” तो म्हणाला.

“फोटो पाठवलास. खाली काही लिहायला हात दुखत होता?”

“काय लिवायचं? तुला वाचाय येतंय की.”

“मला सगळं वाचता येतं, दादा. माणसंपण.”

त्यानं किक मारली. गाडी अर्ध्या वाटेला आली. मग वारा कापत, मान न वळवता तो म्हणाला, “उद्या तीन म्हैनं भरत्यात. परवापास्नं आबा माज्या कागदानं. आदीच सांगून ठिवतो.”

“तुझा कागद आधीपासूनच चालू असेल.”

गाडी कच्चकन थांबली. तो उतरला नाही, वळलाही नाही. तिला त्याची मान तेवढी दिसत होती; मानेवर घाम आणि घामात विरघळलेला भंडारा. “मटण मी वडूजला येऊन खातो,” तो म्हणाला. “घरात तीन म्हैनं चुलीला मटण लागलं न्हाई. आणि म्हागारी जाताना हात धुऊन जातो, वास नको म्हाताऱ्याला म्हणून. आता ह्येच्याम्होरं बोलू नगंस, माये. मी हितंच उतरवीन तुला.”

खोटं. इतकं शांतपणे माणूस खोटंच बोलतो.

वाडीत पोचल्यावर तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. आबा लिंबाखाली बाजेवर होते, पाय उशीवर, अंगठ्याला पट्टी. “आली का माजी डाक्टरीण,” एवढं म्हणून ते उठायला लागले आणि तिनं हातानं थांबवलं, बघते आलेच, म्हणत ती सरळ घरामागं गेली. कुत्र्याच्या जागेपाशी वाकून तिनं माती चाचपली. हाड नाही. उकिरड्याशीही नाही. आत येऊन फडताळ उघडलं, डबे हुंगले, तुपाची बरणी शोधली : बरणी होती, तळाला वाळलेली, आत मुंगी मेलेली. तानाजीच्या खोलीत डोकावली. दीपमाला, तानाजीची बायको, नणंद यायची म्हटल्यावर सकाळीच माहेरी निघून गेली होती, शहाणी बाई.

“काय हुडकतीस गं?” चुलीपुढून आईनं विचारलं. धोंडुबाईचा आवाज कधी चढत नाही. दुखावली की उलट खाली जातो. “पोलिसावाणी काय घरात शिरलीस?”

“आबांना कोण काय देतं ते बघतेय.”

“मी देती. दुसरं कोण देनार? तुज्या कागदापरमानं.” तिनं पिठाच्या हातानं भिंतीकडं दाखवलं. बिरोबाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला तो कागद लटकत होता, मायाच्या अक्षरात. वर हळदीचा पिवळा ठिपका. आबांनी देवासोबत त्यालाही भंडारा लावला होता. दुपारी : भाकरी २. संध्याकाळी : भाकरी २. आमटी १ वाटी, पालेभाजी, ताक. “वाचाय येत न्हाई मला, पर तानाजीनं वाचून दावलंय. एक घास इकडचा तिकडं न्हाई.”

माया बसली. दुसरं काही सुचेना म्हणून बसली. आई बाजरीचं पीठ मळत होती. दोन्ही हातांचा ओंजळभर गोळा परातीत घेऊन तिनं थापायला सुरुवात केली. थप, थप, थप. परात फिरत होती, भाकरी वाढत होती. परातीच्या काठाला टेकेपर्यंत वाढली. हा आवाज तिनं जन्मापासून ऐकला होता, ही भाकरी अशी परातीच्या काठापर्यंत जाताना हजार वेळा बघितली होती, आणि तरी ती आता बघतच राहिली, कारण तिच्या मांडीवरच्या पिशवीतून रबरी भाकरीची कड बाहेर आली होती.

“ह्ये काय आणलंस?” आईनं विचारलं.

मायानं ती बाहेर काढली. “भाकरी.”

आईनं हात थांबवला. आधी तिला ती थट्टा वाटली. “कुनाची? भावलीची?” ती तोंडाला पदर लावून हसली. “तुमच्याकडं ह्येला भाकरी म्हंत्यात?”

तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी शिब्यात, बांबूच्या टोपलीत होती, गरम, पापुद्रा सुटलेला. मायानं काटा जमिनीवर ठेवला, चालू केला, भाकरी उचलून त्यावर ठेवली. भाकरी चारी बाजूंनी काट्याच्या बाहेर लोंबली, आकडा खाली झाकला गेला. तिला वाकून, कड वर उचलून तो वाचावा लागला. दोनशे चौदा. पाणी वजा केलं तरी पीठ सव्वाशेच्या वर. अशी एक म्हणजे तिच्या टेबलावरच्या चार. दुपारी दोन म्हणजे आठ, संध्याकाळी आठ. तीन महिने. तिच्या अक्षरात. वर भंडारा लावून.

काट्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि आकडा आपोआप विझला.

कुणी बघितलं नव्हतं. आईला आकडा वाचता येत नव्हता. हे मायाच्या मनात आलं, दुसऱ्या कशाच्याही आधी हेच आलं, आणि ते तिनं मनात येताना बघितलं.

कशी विसरले मी? परक्या डॉक्टरनं विसरावं, पुण्या-मुंबईच्या बाईनं विसरावं. मी? ह्याच भाकरीची चतकोर फडक्यात बांधून मी शाळेत जायची, आणि ती चतकोर दिवसभर पुरायची… विसरले नाही. विसरणं असं होत नाही. सांगलीच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी आबा तिला भेटायला आले होते, पटक्याच्या फडक्यात आईच्या सहा भाकरी बांधून. खोलीतल्या मुली जमल्या. एकीनं भाकरी दोन्ही हातांनी चेहऱ्यापुढं धरली तर तिचा चेहराच दिसेना, आणि सगळ्या हसल्या — अगं ही भाकरी आहे की पाखडायचं सूप? आबाही त्यांच्यात हसले. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. माया हसली नाही. ते गेल्यावर तिनं त्या सहाच्या सहा भाकरी मेसच्या मागं गाईपुढं टाकल्या. त्या दिवसापासून भाकरी म्हणजे मेसची, तळहाताएवढी, सभ्य. कागदावर दोन लिहिताना तिला तीच दिसत होती. तिनं आईची भाकरी मनातून खरवडून काढली होती, इतकी स्वच्छ, की बापाचा पाय पणाला लागला तरी ती आठवली नाही.

दारात सावली पडली. तानाजी पाण्याचा तांब्या घ्यायला आला होता. त्यानं काटा बघितला. काट्यावर पसरलेली भाकरी बघितली, तिच्याशेजारची ती रबरी चकती बघितली. सैन्यात त्यानं रेशन मोजलेलं होतं. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तिला त्याच्या चेहऱ्यावर ते उगवताना दिसलं.

आता बोलेल. आता ताटावर नळी आपटावी तसा आपटेल मला. तिनं पाठ ताठ केली. तिला ते हवं होतं. त्यानं ओरडावं, तिनं उलट ओरडावं, पुन्हा त्याच्या व्हिडिओंचा, तिच्या शिरा-मूत्रपिंडांचा विषय निघावा, आणि ह्या सगळ्या गदारोळात ते दोनशे चौदा ग्रॅम कुठंतरी बुडून जावेत.

तो उकिडवा बसला. हलकेच भाकरी उचलून त्यानं शिब्यात ठेवली.

“तू रोज बघत होतास ना?” मायाच बोलली. “ताटात बघत होतास ना एवढी भाकरी? बोलला का नाहीस?”

“भंडारा उचलला हुता. तुज्या कागदात तोंड घालायचं न्हाई म्हनून.” त्यानं तांब्या जवळ ओढला. “आणि मला काय म्हाईत, तुजी दोन म्हंजे ह्यी असती? दोन म्हंजे दोन. आमच्यात भाकरी एकच असती.”

“मग बोल आता. बोल की.”

त्यानं तांब्या भरून घेतला. उठताना, आईला ऐकू जाणार नाही इतक्या खाली म्हणाला, “आबास्नी सांगू नगंस. परवापास्नं माजं चालू करू, साखर उतरली तर उतरली. तुज्या कागदावर लय इस्वास हाय त्येंचा. गावभर दावलाय त्येनी. त्यो नगं मोडूस.”

आणि तो बाहेर गेला.

मायाला वाटलं होतं, आता आपल्याला लाज वाटेल. लाज वाटली नाही. त्याच्या त्या खाली आणलेल्या आवाजाचा, त्या समजूतदारपणाचा तिला इतका संताप आला की चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्याच्या पाठीत घालावंसं वाटलं. चूक माझी, आणि माफी त्यानं आधीच देऊन टाकली, मी मागायच्या आत. मोठेपणाची नळीही त्याचीच. माझ्या वाट्याला पुन्हा रस्सा. आणि ह्यातलं सगळ्यात वाईट हे, की त्याचा तूप-मटणाचा कागद बरोबर आहे का हे अजून कुणालाच माहीत नाही. तिचा कागद तरी चुकीचा होता का, तेही आता कधी कळणार नव्हतं, कारण तो पाळला गेलाच नव्हता आणि अक्षरन् अक्षर पाळलाही गेला होता. परवापासून तानाजीची पाळी. साखर उतरली तर उजाडेपर्यंत गावात होईल, मटणानं उतरली. ती फक्त रोजच्या सोळा भाकऱ्या थांबल्यामुळं उतरली हे दोघांना ठाऊक असेल, आणि दोघंही बोलणार नाहीत. सांगायचं तर आजच सांगायला हवं. आबांना. तोंडावर.

आईनं ताटं वाढली. आबांना आधार देऊन आत आणलं. ते टाचेवर भार देत आले, भिंतीला पाठ लावून बसले. कागदाकडं बघून त्यांनी जरा मान लववली, सवयीनं. त्यांच्या पानात एक भाकरी आली, आमटी आली, मेथी आली. मायाच्या पानात एक. तानाजीच्या पानात उकडलेली अंडी, भाकरी नाही.

ती जेवू लागली. खूप वर्षांनी ती अख्खी भाकरी पुढ्यात घेऊन बसली होती. येईल तेव्हा चतकोर मोडून, बास बास म्हणून उठायची सवय. पहिली चतकोर गोड लागली. दुसरी चतकोर जाता जाता पोट भरलं. अर्ध्यातच. अर्धी भाकरी पानात चंद्रकोरीसारखी पडून होती आणि तिच्यावरची पांढरी पिठी तिला स्पष्ट दिसत होती.

सांग. आत्ता सांग. आबा, मी चुकले. चार शब्दसुद्धा नाहीत.

आबांची एक संपली होती. आईनं दुसरी पानात सोडली. आबांनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं, मोठी चढण चढायच्या आधी माणूस बघतो तसं, मग पाण्याचा पेला जवळ ओढला.

“जेव की गं,” ते मायाला म्हणाले. “अर्ध्यातच दमलीस?” आणि मग, गुपित सांगावं तसे पुढं वाकून, हसत : “खरं सांगू का? मला बी दीडाच्या म्होरं जात न्हाई. पैल्यापास्नंच न्हाई. वर्सं झाली, दीडच खात आलो. पर तू दोन लिवलंयस नव्हं. मग उरलेली अर्दी पान्यासंगं ढकलतो. औशदावानी. येक दीस सोडली न्हाई बग. तुज्या आईला इचार.”

“एक दिस न्हाई,” आई म्हणाली.

तानाजी अंडं सोलत होता. त्याचे हात थांबले. त्यानं वर बघितलं, मायाकडं, आणि लगेच खाली. ते बघणं तिनं बघितलं. त्यात जिंकणं नव्हतं. विनवणी होती, गप्प राहण्याची. तो राग जिथं होता तिथं मायानं हात घालून बघितला, तर राग जागेवर होता, तसाच गरम. फक्त त्याचं तोंड आता तानाजीकडं नव्हतं.

आबांनी घास मोडला, तोंडात टाकला, वर पाणी प्याले. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ते तिच्याकडं बघत होते. कौतुकाची वाट बघत होते.

“पुढच्या कागदावर बी दोनच ठिवनार न्हवं?”

मायानं पानातली अर्धी भाकरी उचलली. मोडली नाही, आमटीत बुडवली नाही, तशीच कोरडी तोंडात कोंबली, होती तेवढी, गाल फुगेपर्यंत, आणि चावू लागली. तोंडात घास असेपर्यंत बोलावं लागत नाही. घास खाली जाईना. आईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. तिनं तो घेतला नाही. ती चावत राहिली, आणि आबा दुसरी भाकरी हातात धरून उत्तरासाठी थांबले होते.